संशोधन क्रमांक दोन

सरकारी कागदाची कौमुदी तारळेकरला भीती वाटायची. विजेचं बिल असो, मुलीच्या शाळेचा दाखला असो की नुसती पोचपावती, ती आधी तो कागद पालथा ठेवायची, ओढणीला हात पुसायची आणि मगच सुलटा करायची. घरात यावरून तिची यथेच्छ चेष्टा व्हायची. अशा बाईने सत्तेचाळिसाव्या वर्षी सरकारी निविदा भरायला घ्याव्यात, यात कुणाला गंमत वाटेल. तिला ती एक दिवसही वाटली नाही.

ती मूळची इचलकरंजीची. वडील राजाराम यंत्रमागावर जॉबर होते, म्हणजे बिघडलेला माग पुन्हा चालता करणारे. त्यांच्या मागे मागे फिरतच ती मोठी झाली, त्यामुळे कापड दोन बोटांत धरलं की सुताचा नंबर सांगायची. लखनौला आली ती नवऱ्यामुळे. सुबोध इथल्या एका केंद्रीय प्रयोगशाळेत वनस्पतींवर काम करतो. त्याच्या विद्यार्थ्यांचे बाजारातले पांढरे कोट दोन धुण्यांत आटून कोपराशी यायचे. ते हिला बघवेना, म्हणून हिने बारा कोट घरी शिवून दिले. बाराचे साठ झाले, साठांचे पाचशे झाले, आणि मग चिनहटच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याची एक शेड, सात शिलाई यंत्रं, सात बायका आणि कापायला नफीस मास्टर, असा सगळा संसार उभा राहिला.

नफीस मास्टर साठीचे. लखनौच्या जुन्या 'चौक' भागात चिकनच्या भरतकामाच्या कुर्त्यांचं कापड कापण्यात उमर गेलेली. माणूस अदबीचा, पण एका बाबतीत हटवादी. माप तोंडी सांगितलं तर ऐकून घेत, मान हलवत, कात्री खाली ठेवत आणि म्हणत, "कागज दिखाइए, मैडम." लिहिलेलं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कात्री चालवायची नाही, हा त्यांचा नेम. तरुणपणी कुणा शेठच्या तोंडी मापावर त्यांनी चाळीस कुर्ते आखूड कापले होते म्हणे.

दहा वर्षं एक खाजगी रुग्णालय कौमुदीकडून चादरी आणि अभ्रे घेत होतं. गेल्या डिसेंबरात ते एका मोठ्या साखळीने विकत घेतलं आणि खुर्चीत बसलेल्या नव्या माणसाने गोड बोलून सांगितलं, की मार्चनंतर सगळा माल दिल्लीहून येईल. कौमुदी परत शेडमध्ये आली तेव्हा सातही यंत्रं धडधडत होती. मीना नावाच्या बाईने मान वर करून नव्या ताग्याचं विचारलं, "मैडम, नया थान कब आएगा?" कौमुदी म्हणाली, "आएगा." कुठून, ते तिला ठाऊक नव्हतं. त्या दिवसापासून तिला एक खोड लागली. शेडच्या दारात ती थांबायची आणि आवाजावरून यंत्रं मोजायची. सात भरली की आत शिरायची.

"आमच्या स्टोअरची सगळी खरेदी आता पोर्टलवरूनच होते," सुबोध जेवताना म्हणाला. "सरकारला चादरी लागत नाहीत का? तूही भर की निविदा."

"अहो, मला आधार कार्डावरचा पत्ता बदलायला तुम्ही बरोबर लागता."

"अगं, मग शीक. संशोधनात आम्ही तरी दुसरं काय करतो? माहीत नसतं तेच शोधत बसतो."

संशोधन हा त्या घरातला मीठ-भाकरीचा शब्द. संशोधनासाठी ते लखनौला आले, संशोधनामुळे सुबोध उशिरा यायचा, संशोधनाचा निधी अडकला की घरात दोन दिवस कुणी मोठ्याने बोलायचं नाही. मुलगी सृष्टी लहान असताना बाबा कुठे गेले म्हटलं की बोबडं "छंछोदन" म्हणायची. आता ती बारावीला आहे, मराठी सगळं समजतं आणि उत्तर मात्र हिंदीत देते.

तर कौमुदी शिकली. आधी उद्योगाची नोंदणी केली. मग सरकारी खरेदीच्या पोर्टलवर विक्रेती म्हणून नाव घातलं. लहान उद्योगांसाठी एक दिवसाची कार्यशाळा होती, तिथे पहिल्या रांगेत बसून तिने सगळं उतरवून घेतलं. शिकवणारा तरुण फटकळ होता. तो म्हणाला, आपला माल सरकार कोणत्या नावाने मागतं ते आधी शोधा, कारण दुकानात त्याला जे म्हणतात ते तिथे म्हणत नाहीत. छोट्या कामापासून सुरुवात करा. सूक्ष्म उद्योगाला अनामत रकमेतून सूट असते, ती मागा. आणि निविदेत मागाहून बदल होतात, त्याला कॉरिजेंडम म्हणतात. "रोज सुबह कॉरिजेंडम देखिए, वरना मारे जाएँगे." 'मारे जाएँगे' ऐकून तिच्या अंगावर काटा आला. कॉरिजेंडम हा शब्द तिने लाल शाईने लिहून दोनदा अधोरेखित केला.

इथून ती वही सुरू झाली. 'चादर' टाकून शोधलं तर काहीच येईना. मग कळलं की सरकार चादरीला कधी बेडशीट म्हणतं, कधी लिनन, कधी शय्या वस्त्र, आणि एका कार्यालयात तर ती 'विविध सामग्री'त दडलेली. प्रत्येक नाव वहीत गेलं. 'धरोहर राशि' वाचून ती हबकली. आपल्याकडे कसली आलीय धरोहर? ती निघाली साधी अनामत. 'किसी भी आपत्ति की दशा में' या ओळीने तर तिचा घास अडकला. तिला वाटलं, पूर आला, आग लागली, तरी आपणच जबाबदार. नफीस मास्टर हसले आणि म्हणाले, "अरे नहीं मैडम, आपत्ति माने एतराज." आपत्ति म्हणजे हरकत, हेही वहीत गेलं. ज्या शब्दाला ती दचकली तो प्रत्येक शब्द तिने पकडून वहीत कोंडला. जे शब्द तिला ओळखीचे वाटले त्यांच्याकडे तिने पाहिलंही नाही.

पहिल्या तीन निविदा फेटाळल्या गेल्या. एकीत शपथपत्र जुन्या नमुन्यातलं होतं, दुसरीत सही एका पानावर राहिली, तिसरीत दर जास्त. मार्च संपला. शेडमध्ये आता फक्त प्रयोगशाळेचे कोट उरले होते. मेच्या सुरुवातीला तिने मीनाला आणि शहनाजला सांगितलं, कापड आलं की बोलावते. दोघींनी काही विचारलं नाही, डबे उचलले आणि गेल्या. त्यांनी भांडायला हवं होतं असं तिला वाटत राहिलं. दुसऱ्या दिवशी दारात उभं राहून तिने यंत्रं मोजली. पाच.

त्याच आठवड्यात तिला ती निविदा सापडली. आलमबागच्या पुढे एक सरकारी वैद्यकीय संस्था आहे. तिचं सुरुवातीचं नाव इथे सांगत नाही, शेवटचे शब्द तेवढे कामाचे आहेत: 'चिकित्सा एवं अनुसंधान संस्थान'. अठराशे पांढऱ्या चादरी, तीस दिवसांत. एवढंच लहान काम, म्हणून मोठे पुरवठादार फिरकणार नाहीत, असं तिला वाटलं. संस्थेची स्वतःची वेबसाइट होती, अथपासून इतिपर्यंत हिंदीत. बासष्ट पानं तिने छापून घेतली आणि वही शेजारी ठेवून चार दिवस वाचली. मुदत संपेपर्यंत रोज सकाळी ती वेबसाइट उघडायची आणि जीव मुठीत धरून कॉरिजेंडम शोधायची. तो शब्द कुठेच नसायचा. निविदेच्या खाली दोन छोट्या ओळी मात्र आल्या होत्या: 'संशोधन-1' आणि 'संशोधन-2'. पाहून तिला बरंच वाटलं. इथेही संशोधन चालतं तर! संशोधन विभागाची वेगळी खरेदी असेल, आपल्याला काय करायचंय, असं म्हणून ती पुढे गेली.

टीव्हीवर 'संविधान संशोधन' हे शब्द तिने हजारदा ऐकले असतील. पण घरातल्या माणसाचा चेहरा आपण कुठे निरखून बघतो?

एका इंग्रजी घोषणापत्रावर तिने सही केली: निविदा आणि तिच्यातले सर्व कॉरिजेंडम मी वाचले आहेत आणि मला मान्य आहेत. अनामत माफ असल्याने आणखी एक कागद होता: काम मिळाल्यावर माघार घेतली किंवा खोटी माहिती दिली, तर दोन वर्षं सरकारी निविदांना बंदी. सही करण्याआधी तिने तो कागद तीनदा वाचला. सृष्टीने कागद स्कॅन करून चढवले आणि म्हणाली, "हो गया मम्मी, इतना डरती क्यों हो?"

जूनमध्ये काम तिला मिळालं. तिचा दर सगळ्यांत कमी होता. शेडमध्ये पेढे वाटले. भिवंडीहून कापडाचे तागे आले, तिने दोन बोटांत धरून पाहिलं, सूत अस्सल होतं. मीना आणि शहनाजला परत बोलवायचं ठरलं.

नफीस मास्टरांनी तागा टेबलावर पसरला, कात्री हातात घेतली आणि चष्मा लावला. "कागज दिखाइए, मैडम."

तिने कौतुकाने पुरवठा आदेश त्यांच्या हातात दिला. ते उर्दू भरभर वाचायचे, हिंदी बोट ठेवून. त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. "'आपूर्ति निविदा एवं संशोधन-1 व 2 के अनुसार.' मैडम, ये संशोधन वाला कागज कहाँ है?"

"वो अपना नहीं है, मास्टरजी. वो रिसर्चवालों का है."

मास्टरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. मग कात्री खाली ठेवली. "मैडम, संशोधन माने… सुधार. कि पहले कुछ लिखा था, अब बदल दिया."

कौमुदीला आत्ता उमगलं: टीव्हीवरचं 'संविधान संशोधन' म्हणजे घटनादुरुस्ती, आणि हे संशोधन म्हणजेच कॉरिजेंडम. तिने फोन काढला, वेबसाइट उघडली. पहिल्या संशोधनात फक्त तारीख बदलली होती. दुसरं तीन ओळींचं होतं: 'चादर के दोनों सिरों पर संस्थान का पूरा नाम लाल धागे की कढ़ाई में हो। छपाई मान्य नहीं होगी। उत्पादन से पूर्व नमूना अनुमोदित कराना अनिवार्य होगा।'

अठराशे चादरी, दोन्ही टोकांना भरतकाम. शेडमध्ये भरतकामाचं एकही यंत्र नव्हतं. दरात त्याचा हिशेबही धरला नव्हता. आणि घोषणापत्रावर तिची सही होती की हे सगळं तिने वाचलंय. तिच्या कानात फक्त दोन शब्द घुमत राहिले: दोन वर्षं. दोन वर्षं सरकारी काम नाही म्हणजे शेडला कुलूप. मीना, शहनाज आणि उरलेल्या पाच जणी, आणि या वयात नफीस मास्टरांना कोण ठेवून घेणार?

संध्याकाळी सुबोधला सांगितलं तेव्हा तो आधी हसला, मग तिचा चेहरा पाहून चपापला. "सरळ जाऊन सांग त्यांना. चूक झाली म्हणावं. माणसंच आहेत."

"काय सांगू? सही केली ती खोटी होती म्हणून? तेच तर ते विचारतील." तिचा आवाज फाटला. "तुमच्याकडे प्रयोग फसला तर पुन्हा करता येतो हो. मला एकदाच मिळालंय."

"मम्मी, मुझसे पूछ लेतीं," सृष्टी हळूच म्हणाली. खरंच, त्या पोरीने अर्ध्या मिनिटात सांगितलं असतं. पण घरातल्या शब्दाचा अर्थ कोण कुणाला विचारतं?

कौमुदीने ठरवलं, की कुणाला काही सांगायचं नाही. काम संशोधनाप्रमाणेच करून द्यायचं, म्हणजे आधी वाचलं नव्हतं हे कुणाला कळणारच नाही. भरतकामाच्या यंत्रवाल्याने लग्नसराईची कामं दाखवून दीड महिन्यानंतरची तारीख दिली. आदेशाप्रमाणे नमुना मंजुरीला द्यायला तर सहाच दिवस होते. तेव्हा नफीस मास्टर म्हणाले, "मेरी बहन सकीना है चौक में. चिकन काढ़ती है, मोहल्ले की दस-बारह औरतें और हैं. सीधा टाँका है, कर देंगी. बस ठप्पा बनवा दीजिए."

चिकनचं काम असंच चालतं. आधी लाकडी ठप्प्याने कापडावर निळी नक्षी उमटवायची आणि बायका त्या निळ्या रेघेवरून टाका घालत जातात. पुढे धुतलं की निळा रंग निघून जातो आणि धागा राहतो. ठप्प्यावर वेल असली काय, अक्षरं असली काय, टाका घालणारीला सारखंच. सकीनाला उर्दू वाचता येत होतं, नागरी येत नव्हतं, आणि तिचं त्यावाचून काही अडतही नव्हतं.

कौमुदी चौकातल्या ठप्पेवाल्याच्या दुकानात गेली तेव्हा तिला दोन दिवस झोप नव्हती. डोक्यात एकच शब्द दळण दळत होता. त्याने वहीचं पान आणि बॉलपेन पुढे केलं. तिने संस्थेचं नाव ठळक अक्षरांत लिहून दिलं. 'चिकित्सा'मधल्या 'चि'ची वेलांटी पहिली आहे ना, हे दोनदा तपासलं. तिसऱ्या दिवशी ठप्पा तयार झाला. अक्षरं त्यावर उलटी कोरलेली, तेव्हा ती वाचायचा प्रश्नच नव्हता. ठप्पेवाल्याने तो परस्पर सकीनाकडे पोचवला.

नमुना द्यायचा शेवटचा दिवस होता गुरुवार, दुपारी तीनपर्यंत. सकीनाने सकाळी चादर हातात दिली. वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळी बांधून, अगदी सणाची भेट द्यावी तशी. कौमुदीने कडेने बोट फिरवून टाका पाहिला. घट्ट, एकसारखा. वडिलांनी पाहिला असता तर त्यांनीही मान डोलावली असती. शेडमध्ये जाऊन नफीस मास्टरांना दाखवायला वेळ नव्हता. चौकातून ऑटोने चारबाग, तिथून मेट्रोने आलमबाग, पुढे ई-रिक्षा. सगळा रस्ता ती गाठोडं छातीशी धरून बसली होती. काय काय विचारतील? 'संशोधन कब पढ़ा?' असं विचारलं तर? 'जी, उसी दिन' असं म्हणायचं ती मनातल्या मनात घोकत राहिली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, त्यामुळे ते तीन शब्दही तिच्या जिभेवर बसेनात.

भांडार विभागाच्या बाहेर एक लाकडी बाक होता. शिपायाने नाव लिहून घेतलं आणि बसायला सांगितलं. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. समोरच्या भिंतीवर संस्थेची भली मोठी पाटी होती. करायला काही नाही म्हणून तिने सुतळी सोडली, चादरीचं एक टोक मांडीवर घेतलं आणि पाटी बघून एकेक अक्षर ताडायला लागली. गेले काही दिवस तिची हीच अवस्था होती. स्वतःच्या नावाची सहीसुद्धा ती दोनदा वाचत होती.

चिकित्सा. बरोबर. एवं. बरोबर.

पाटीवर होतं: अनुसंधान.

चादरीवर, लाल धाग्यात, एकसारख्या घट्ट टाक्यात होतं: संशोधन.

कौमुदीला आधी काही समजलंच नाही. मग समजलं. बासष्ट पानांच्या प्रत्येक पानावर संस्थेचं हेच नाव छापलेलं होतं. इकडची माणसं संशोधनाला अनुसंधान म्हणतात, हे तिच्या डोळ्यांसमोर महिनाभर लिहिलेलं होतं. आणि ठप्पेवाल्याच्या वहीत तिच्याच हाताने, तिच्याच घरातला शब्द उतरला होता. जो लपवायला ती इतकी धडपडत होती, तोच शब्द तिने चादरीवर लाल धाग्याने काढून आणला होता. दोन्ही टोकांना.

उठून निघून जावं असं तिच्या मनात आलं. पण तीनच्या आत नमुना दिला नाही तर ती माघार ठरणार. धागा उसवावा तर कात्री नाही, सुई नाही. तेवढ्यात शिपायाने हाक मारली, "तारलेकर मैडम, अंदर."

भांडार अधिकारी चंद्रशेखर शुक्ल हा किरकोळ अंगाचा, हळू बोलणारा माणूस होता. ओरडणारा असता तर तिला बरं वाटलं असतं. त्यांनी चादर टेबलावर पसरली, टेपने लांबी मोजली, कापड चिमटीत धरून पाहिलं. "कपड़ा अच्छा है," ते म्हणाले. मग टोक जवळ ओढलं आणि वाचायला लागले. त्यांचे ओठ हलत होते. शेवटच्या शब्दाआधी ते थांबले.

"ये क्या लिखा है?"

'जी, उसी दिन' हे घोकलेले शब्द तिच्या कामाचे राहिले नव्हते. ती उभीच होती. तिने खुर्चीची पाठ धरली.

"सर, हम लोग मराठी हैं. हमारी भाषा में रिसर्च को संशोधन कहते हैं. मेरे पति वैज्ञानिक हैं. घर में दिनभर यही शब्द रहता है. हाथ से वही लिखा गया."

शुक्लांनी चष्मा काढला. "रिसर्च को संशोधन," ते स्वतःशीच म्हणाले. मग हळूहळू त्यांच्या कपाळावर आठी चढली, आणि कौमुदीला कळलं की आता तो प्रश्न येणार.

"तो हमारी वेबसाइट पर जब 'संशोधन-2' लिखा देखा, तब आपने क्या समझा?"

तिने सगळं सांगून टाकलं. कॉरिजेंडम रोज शोधत होते, तो शब्द दिसला नाही. संशोधन दिसलं, ते आपलं नव्हेच असं वाटलं. कापायच्या आधी मास्टरांनी कागद मागितला तेव्हा कळलं. सांगताना या माणसासमोर रडायचं नाही एवढंच ती स्वतःला बजावत होती.

शुक्लांनी कपाटातून फाइल काढली. पानं उलटत एका पानावर आले. "घोषणापत्र पर दस्तखत आपके हैं?"

"जी."

"कि सारे कॉरिजेंडम पढ़े हैं."

"जी."

ते पानाकडे बघत राहिले. शेवटी त्यांनी वर न बघता विचारलं, "और अब? अब पढ़ लिया है?"

"चादर के दोनों सिरों पर संस्थान का पूरा नाम लाल धागे की कढ़ाई में हो," कौमुदी म्हणाली. "छपाई मान्य नहीं होगी. उत्पादन से पूर्व नमूना अनुमोदित कराना अनिवार्य होगा." एक अक्षर चुकलं नाही. "पहला भी सुनाऊँ, सर?"

"रहने दीजिए." त्यांनी फाइल मिटली. "मुझे दो वार्डों में चादर चाहिए, मैडम. पिछली बार छपाई वाली थीं, तीन महीने में नाम धुल गया और आधी चादरें वार्ड से गायब हो गईं. कपड़ा आपका ठीक है. कढ़ाई तो मैंने ऐसी देखी नहीं." त्यांनी नमुन्याचा छापील अर्ज ओढला. त्यात तीन चौकोन होते: स्वीकृत, अस्वीकृत आणि तिसऱ्यापुढे शेरा लिहायला जागा. पेन आधी दुसऱ्या चौकोनावर जरासं थांबलं. मग ते खाली सरकलं आणि त्यांनी दोन ओळी लिहिल्या, शिक्का मारला, कागद तिच्याकडे वळवला.

"इस बार पढ़ लीजिएगा," ते म्हणाले, आणि पुढच्या माणसाला आत पाठवायला सांगितलं.

ती बाहेर येऊन त्याच बाकावर बसली. नेहमीच्या सवयीने कागद पालथा ठेवला, हात ओढणीला पुसले. उलटायचा धीर होईना. तेवढ्यात फोन वाजला. नफीस मास्टर होते.

"क्या हुआ, मैडम?"

"मास्टरजी, नाम गलत कढ़ा है. मैंने ही गलत लिखा था. ठप्पा नया बनेगा." ती थांबली. फोनमागून शेडचा आवाज येत होता. तिने मोजलं. पाच. "अभी कैंची मत चलाइए."

"चलाता कैसे? आपने कागज ही कहाँ दिखाया." मग अगदी हळू: "मीना और शहनाज को क्या कहूँ?"

कौमुदीने कागद सुलटा केला. पहिल्यांदा मनात वाचला, मग प्रत्येक शब्दावर बोट ठेवून मोठ्याने, फोनमध्ये, नफीस मास्टर वाचतात तसा.

"'नमूने में नाम का संशोधन कर तीन दिन में पुनः प्रस्तुत करें.'"

तिचं बोट 'संशोधन' या शब्दावरच थांबलं होतं.

"संशोधन माने सुधार, मास्टरजी," ती म्हणाली, आणि आता तिला रडू आवरेना. "उनसे कहिए, सोमवार को आ जाएँ."